गुळवेल : तिचे गुण आणि तिची मर्यादा

नागपूरच्या आग्नेयेस, वैनगंगेच्या कांठीं, भंडारा जिल्ह्यांत पवनी हें एक जुनें गांव आहे. गांवास किल्ल्याचा तट आहे, खंदक आहे, आणि भोंवतालच्या टेकड्यांच्या पोटांत त्याहूनहि पुरातन असा इतिहास दडलेला होता. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां दोन हजार वर्षांपलीकडच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आले. परंतु आज मला पवनीचा इतिहास सांगावयाचा नाहीं. त्या परिसरांत शेताच्या कुंपणावर, पडक्या भिंतीवर आणि कडूनिंबाच्या खांद्यावर जी एक हिरवी वेल चढलेली दिसते, तिच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. ती वेल म्हणजे आपली गुळवेल.

तेथील एका वृद्ध शेतकऱ्यास मीं एकदां विचारलें कीं, गुळवेल घ्यावयाची तर ती कोणत्या झाडावरची घ्यावी? क्षणाचाहि विलंब न लावतां तो म्हणाला, "कडूनिमावरचीच घेजो गा बापू, तिच्यात निमाचा गुण उतरते." हें उत्तर त्यानें आपल्या बापाकडून ऐकलें असेल, बापानें आज्याकडून. त्या उत्तरांत खरें किती व समजूत किती, हें शेवटीं पाहूं. आधीं ही वेल आपल्या शहरांतल्या घरांत कशी येऊन पोंचली, तें आठवूं.

२०२० सालीं कोरोनाची साथ आली आणि गुळवेलीचें नांव घरोघर झालें. आयुष मंत्रालयानें त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत जी उपचारपद्धति प्रसिद्ध केली, तींत गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. पण त्याच्याहि आधीं, कोणाच्या सल्ल्याची वाट न पाहतां, पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरांत सकाळच्या चहापूर्वीं गुळवेलीचा काढा उकळूं लागला होता. आमच्याहि घरीं तो पेला रोज भरला जात असे. जें कडू तें गुणकारी, या आपल्या जुन्या समजुतीमुळें तो निमूटपणें रिकामाहि होत असे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०२१ सालीं, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीं एक लेख प्रसिद्ध केला. त्यांत सहा रोग्यांची हकीकत होती. सहाहि जणांच्या यकृताचा दाह झालेला होता, आणि सहाहि जण गुळवेल घेत होते.

ज्या वेलीस आपले पूर्वज काविळीवर देत आले, त्याच वेलीनें कावीळ व्हावी, हें कोडें नव्हे काय? कोणी म्हणाले, हा आयुर्वेदावर आळ आहे. कोणी म्हणाले, झाडपाल्याचें औषधच खोटें. दोघांनाहि घाई झाली होती. या कोड्याचें उत्तर वेलीच्या अंगीं असलेल्या रसायनांत आणि आपल्या शरीराच्या घडणींत आहे, आणि तें शांतपणें पाहण्यासारखें आहे.

प्रथम वेलीची ओळख. वनस्पतिशास्त्रांत हिला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असें नांव आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळीं हृदयाच्या आकाराच्या पानांची असा आहे. खोड बोटाएवढें जाड, वरची साल कागदासारखी पातळ, ती सोलली कीं आंत हिरवा मांसल गर. फांद्यांवरून दोऱ्यासारखीं मुळें खालीं लोंबतात. नर व मादी फुलें निरनिराळ्या वेलींवर येतात, आणि मादी वेलीवर मटाराएवढीं लाल फळें लागतात. संस्कृतांतील तिचीं नांवें म्हणजे जणूं तिचें वर्णनच आहे. तोडली तरी पुन्हां उगवते म्हणून ती छिन्नरुहा. खोड आडवें कापलें असतां चाकासारख्या आऱ्या दिसतात, म्हणून चक्रलक्षणिका. आणि सर्वांत लाडकें नांव अमृता. रावणवधानंतर इंद्रानें वानरांवर अमृताची वृष्टि केली आणि त्यांच्या अंगावरून जे थेंब भूमीवर पडले त्यांतून ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशांत आहे. चरकसंहितेंत बुद्धिवर्धक रसायनांमध्यें गुडूचीचा रस गणला आहे. इंग्रजी अमदानींत १८६८ सालीं जो हिंदुस्थानचा औषधिकोश निघाला, त्यांतहि हिला स्थान मिळालें होतें. म्हणजे वैद्य आणि डॉक्टर या दोघांनींहि हिला आपली मानलेलें आहे.

आतां हिच्या पोटांत काय आहे तें पाहूं. रसायनशास्त्रज्ञांनीं गुळवेलीचें खोड उकळून, निरनिराळ्या द्रवांत भिजवून, त्यांतील द्रव्यें एकेक करून वेगळीं काढलीं आहेत. तीं सोयीसाठीं चार गटांत मांडतां येतील.

पहिला गट अल्कलॉइडांचा, म्हणजे नत्र असलेल्या कडू द्रव्यांचा. बर्बेरिन, पामॅटिन, मॅग्नोफ्लोरिन, टेम्बेटॅरिन हीं त्यांतील प्रमुख. बर्बेरिन पिवळें धमक असतें. दारुहळदीचा पिवळेपणा याचाच. त्याच्या एका कणांत कर्बाचे २० अणु, हायड्रोजनचे १८, प्राणवायूचे ४ व नत्राचा १ अणु असतो. कांहीं जंतूंची वाढ तें रोखतें, आणि रक्तांतील साखर खालीं आणण्याचा गुणहि त्याच्या अंगीं आहे. दुसरा गट डायटर्पीन जातीच्या कडू द्रव्यांचा. कोलंबिन, टिनोस्पोरासाइड हीं नांवें त्यांतलीं. यांपैकीं कित्येकांच्या रचनेंत चार कर्ब व एक प्राणवायु यांचें पंचकोनी वलय असतें, त्यास फ्युरॅन म्हणतात. हें वलय ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याच्याशीं पुन्हां गांठ पडणार आहे. तिसऱ्या गटांत साखरेशीं जोडलेलीं कॉर्डिफोलियोसाइड व सिरिंजिन यांसारखीं द्रव्यें, आणि त्यांच्या जोडीला सिटोस्टेरॉल, एक्डिस्टेरोन यांसारखीं स्टेरॉइडें येतात. यांतील एक्डिस्टेरोन मोठें मौजेचें आहे. किड्यांस कात टाकावयास लावणारें जें द्रव्य त्यांच्या शरीरांत असतें, तेंच या वेलींत सांपडतें. चौथा गट मोठ्या साखळ्यांच्या शर्करांचा. यांत पिष्ट म्हणजे स्टार्च पुष्कळ, आणि त्याबरोबर अरॅबिनोगॅलॅक्टन नांवाचें एक द्रव्य.

या चौथ्या गटाची कथा आपल्या मुंबईंतच घडली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं गुळवेलींतून असें अरॅबिनोगॅलॅक्टन वेगळें काढलें व १९९९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांस हें द्रव्य जागें करतें. २००७ सालीं याच केंद्रानें दाखवून दिलें कीं, हें द्रव्य आधीं दिलेले उंदीर जंतूंच्या विषाच्या घातक मात्रेपासून बचावतात. म्हणजे गुळवेलीची ख्याति ही नुसती ऐकीव गोष्ट नव्हे. प्रयोगशाळेंतहि तिला आधार आहे.

माणसांवरचा पुरावा मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयांत मिळाला. तेथें डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांचे सहकारी यांनीं आयुर्वेदांतील औषधें आधुनिक कसोटीस लावण्याचें काम अनेक वर्षें चालविलें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग सांगतों. पित्ताची नळी तुंबली म्हणजे कावीळ होते, आणि अशा रोग्यावर शस्त्रक्रिया करावी तर पुष्कळदां रक्तांत जंतु पसरून तो दगावतो. असे ३० रोगी घेऊन त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमींचे उपचार, म्हणजे व्हिटॅमिन के, जंतुनाशक औषधें व पित्ताचा निचरा, हे दिलेच. दुसऱ्या गटास त्याशिवाय गुळवेलहि दिली. पहिल्या गटांत निम्म्या रोग्यांच्या रक्तांत जंतुबाधेचीं लक्षणें दिसलीं, दुसऱ्या गटांत एकाच्याहि नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटांतील शेंकडा ४० रोगी वांचले, गुळवेल घेतलेल्यांपैकीं शेंकडा ९२.४.

३० ही संख्या लहान आहे, हें विसरतां कामा नये. परंतु या प्रयोगांतील एक बारीक गोष्ट माझ्या मतें या आंकड्यांहूनहि महत्त्वाची आहे. दोन्ही गटांतील रोग्यांच्या यकृताचें कार्य सारखेंच राहिलें होतें. गुळवेलीमुळें यकृत अधिक बळकट झालें नव्हतें. फरक पडला तो रक्तांतील पांढऱ्या पेशींत. जंतूंस गिळण्याची व मारण्याची त्यांची शक्ति फक्त गुळवेल घेतलेल्यांतच पूर्वपदास आली. म्हणजे या वेलीनें काविळीच्या रोग्यास जें वांचविलें, तें त्याचें यकृत दुरुस्त करून नव्हे, तर त्याचें झोंपीं गेलेलें सैन्य उठवून.

येथेंच आपल्या कोड्याची किल्ली आहे. सैन्य उठविणें हें ज्याचें सैन्य निजलें आहे त्याच्या हिताचें. पण कांहीं माणसांचें सैन्य आधींच बिथरलेलें असतें. तें परक्या जंतूंबरोबर आपल्याच शरीराच्या पेशींवर हत्यार उचलतें. कोणाच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीवर, कोणाच्या सांध्यांवर, कोणाच्या यकृतावर. असा विकार पुष्कळदां वर्षानुवर्षें छुपा राहतो आणि त्या माणसास त्याची दादहि नसते. अशा देहांत गुळवेल गेली तर ती अमृत कशी ठरेल? मुंबईच्या त्या सहा रोग्यांपैकीं कित्येकांस अशा प्रवृत्तीचे विकार आधींपासून असावेत, अशीं चिन्हें डॉक्टरांस दिसलीं.

या लेखावर वाद झाला. जुलै २०२१ मध्यें आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं, रोग्यांनीं घेतलेली वनस्पति कोणती याची तपासणीच लेखकांनीं केलेली नाहीं. ती टिनोस्पोरा क्रिस्पा नांवाची दुसरी जातहि असूं शकेल. आक्षेप योग्य होता, कारण औषधाची ओळख पटल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवणें न्यायाचें नाहीं. पुढें २०२२ सालीं देशांतील १३ रुग्णालयांतील ४३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग्यांकडून मिळालेल्या नमुन्यांची या वेळीं तपासणी करण्यांत आली आणि ती खरीच गुळवेल असल्याचें आढळलें. वेल घेण्यास सुरुवात केल्यापासून साधारण दीड महिन्यानें लक्षणें उमटलीं होतीं. पुष्कळांत यकृताचा जुना विकार आधींपासून होता आणि तो गुळवेलीनंतर उफाळून आला. ज्यांस असा जुना विकार होता त्यांचीच गति अधिक वाईट झाली. मंत्रालयानें मात्र २०२२ च्या फेब्रुवारींतहि गुळवेल सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. लक्षावधि लोकांनीं ती वेल घेतली आणि त्यांतील फारच थोड्यांस इजा झाली, हें खरेंच आहे. पण ज्याच्या घरीं ती इजा झाली त्यास लक्षावधींचा हिशेब सांगून काय समाधान होणार?

दुसरी एक शंका त्या पंचकोनी फ्युरॅन वलयाविषयीं आहे. आपण जें जें पोटांत घेतों त्याची वासलात यकृतांतील एन्झाइमें लावतात. फ्युरॅन वलय असलेल्या कांहीं द्रव्यांवर त्यांची क्रिया झाली म्हणजे मूळ द्रव्याहून अधिक तिखट असा पदार्थ तयार होतो, आणि तो यकृताच्या पेशींना चिकटून त्यांची हानि करतो. युरोपांत जर्मँडर नांवाची अशीच एक कडू वनस्पति आहे. शतकानुशतकें तेथील लोक तिचा काढा पीत आले. पुढें फ्रान्समध्यें वजन घटविण्यासाठीं तिच्या गोळ्या निघाल्या, रोजच्या रोज पोटांत जाऊं लागल्या, आणि काविळीचे रोगी दिसूं लागले. १९९२ सालीं तेथें तिच्यावर बंदी आली. तिच्यांतील दोषी द्रव्यें फ्युरॅन वलयाचीं डायटर्पीनेंच होतीं. गुळवेल म्हणजे जर्मँडर नव्हे. पण ताप आला असतां आठवडाभर घेतलेला काढा निराळा, आणि निरोगी माणसानें महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या निराळ्या, एवढा धडा त्यापासून घेतां येतो.

या ठिकाणीं आपल्या घरांतील एका जुन्या गोष्टीकडेहि रसायनाच्या दृष्टीनें पाहूं. गुळवेलीचें सत्त्व आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ताज्या कांड्या ठेंचून रात्रभर पाण्यांत भिजवितात, चोळून गाळतात, पाणी निवळलें कीं वरचें ओतून देतात आणि तळाचा पांढरा साका वाळवितात. हा साका मुख्यतः पिष्ट आहे. पाण्यांत विरघळणारें बर्बेरिन व त्याचे भाऊबंद बव्हंशीं त्या ओतलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणून सत्त्व सौम्य, पचावयास हलकें आणि फारसें कडू नसलेलें. काढ्यांत कडू द्रव्यें व अरॅबिनोगॅलॅक्टन दोन्ही उतरतात. मद्यार्कांत काढलेल्या अर्कांत कडू द्रव्यें पुष्कळ, पण अरॅबिनोगॅलॅक्टन नाहीं, कारण मद्यार्कांत तें विरघळतच नाहीं. काढा, सत्त्व, गोळी व अर्क या चारहि डब्यांवर गुळवेल हें एकच नांव असेल, पण आंतील औषधें एक नव्हेत. एकाचा अनुभव दुसऱ्यास लावणें चुकीचें होईल.

आतां पवनीच्या त्या वृद्धाच्या उत्तराकडे वळूं. निंबाचा गुण वेलींत उतरतो काय? गुळवेल ही बांडगुळासारखी परोपजीवी नाहीं. तिचीं मुळें जमिनींत असतात, तिचीं पानें स्वतः अन्न तयार करतात, आणि निंबाचा आधार ती केवळ चढण्यापुरता घेते. म्हणून निंबाचा रस तिच्यांत वाहतो ही कल्पना खरी धरतां येत नाहीं. तथापि त्या उत्तराच्या मुळाशीं असलेली जाणीव अगदीं बरोबर आहे. सगळ्या गुळवेली सारख्या नसतात. ऋतु, जमीन, ऊन, वेलीचें वय, इतकेंच नव्हे तर ती नर कीं मादी, यांवर तिच्यांतील द्रव्यांचें प्रमाण बदलतें. शिवाय निंब हें ओळखीचें झाड आहे. अमुक झाडावरची वेल घे, असें सांगणारा माणूस खरें पाहतां ओळखून घे, असेंच सांगत असतो. कोठली आहे हें ठाऊक नसलेल्या पुड्यांतील चुऱ्यापेक्षां हा नियम पुष्कळ शहाणपणाचा आहे.

ओळखीच्या खुणा सोप्या आहेत. खऱ्या गुळवेलीचें पान दोन्ही बाजूंनीं गुळगुळीत असतें. टिनोस्पोरा सायनेन्सिस नांवाची जी तिची बहीण आहे, तिच्या पानाच्या खालच्या बाजूस दाट लव असते. आणि ज्या क्रिस्पाचा उल्लेख वर आला, तिच्या खोडावर चामखिळींसारखे उंच फोड दाटीनें उठलेले असतात. अशी वेल हातीं आली तर ती टाकून द्यावी. अरण्यांतून ओरबाडून आणण्याचीहि गरज नाहीं. पवनीच्या शेजारच्या जंगलाचा मोठा भाग २०१२ पासून उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यांत गेला आहे, तेथील पानासहि हात लावतां येत नाहीं. गुळवेलीचें हातभर कांडें पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या कुंपणाशीं खोंवलें तर तें जगतें. छिन्नरुहा हें तिचें नांव तिनें सार्थ केलेलें आहे.

शेवटीं गृहस्थाश्रमी माणसाच्या उपयोगाचे चार नियम सांगतों. पहिला, ज्यांस यकृताचा कोणताहि विकार आहे, ज्यांस थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा त्वचेचा स्वतःच्याच देहावर उलटणारा आजार आहे, किंवा ज्यांच्यांत दुसऱ्याचें मूत्रपिंड अथवा यकृत बसविलें आहे, त्यांनीं गुळवेलीपासून दूर राहावें. गर्भवती स्त्रियांनींहि ती आपल्या मनानें घेऊं नये. दुसरा, मधुमेहाचीं औषधें चालू असतील तर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव आहे, म्हणून डॉक्टरांस सांगितल्यावांचून ती सुरू करूं नये. तिसरा, मात्रा व मुदत. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानें चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठीं २० ते ३० ग्रॅम सांगितली आहे. तीहि वैद्यानें रोग पाहून कांहीं दिवसांपुरती द्यावयाची आहे. निरोगी माणसानें चहासारखी रोज प्यावी, असें तिचें स्वरूप नाहीं. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसूं लागले किंवा अंगास कंड सुटली, तर वेल त्याच क्षणीं बंद करावी, डॉक्टरांकडे जावें, आणि आपण काय घेत होतों तें न लपवितां सांगावें. पुष्कळ लोक झाडपाल्याचें औषध म्हणजे औषधच नव्हे असें समजून तें सांगतच नाहींत, आणि मग रोगाचें मूळ शोधण्यांत मोलाचे दिवस जातात.

श्रोतेहो, पवनीच्या टेकड्यांविषयींहि लोकांत नाना कथा होत्या. उत्खनन करणारांनीं त्या कथांची थट्टा केली नाहीं, आणि त्यांवर आंधळेपणानें विश्वासहि ठेवला नाहीं. त्यांनीं माती थराथरानें उलगडली आणि जें हातीं आलें तें जपून ठेवलें. गुळवेलीच्या बाबतींत आपणहि तेंच करावें. जी वेल मरणाच्या दारांतील रोग्यास परत आणूं शकते, तिच्या अंगीं सामर्थ्य आहे हें उघड आहे. आणि ज्याच्या अंगीं सामर्थ्य आहे तें निरुपद्रवी असूं शकत नाहीं. ज्या घरांत मुलांच्या हातीं सुरी देतांना आपण विचार करतों, त्याच घरांत हा कडू पेला भरतांनाहि तेवढाच विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.